खारीने अडवलेली वळकटी

फोन आला तेव्हा मी सुताराशी भांडत होते. अमरावतीच्या माझ्या घराला मागच्या अंगाला एक खोली आहे, तिच्या खिडकीला जाळी बसवायची की नाही, यावरून. खरं तर भांडण त्या बिचाऱ्या सुताराशी नव्हतंच, मेहरूशी होतं. ती अकोल्याहून प्रत्येक फोनला बजावायची, "माह्या खोलीले जाळी लावशील तं मी येत नाई, आत्ताच सांगून ठेवते." आणि मी म्हणायची, मग डास काय तू खाणार आहेस का? त्या सकाळी मी तिला न विचारता जाळी आणून ठेवली होती. एकदा बसली की काय करणार आहे, चार दिवस बडबडेल आणि गप बसेल, असा माझा हिशेब. सुतार पट्ट्या मापत होता आणि मी त्याच्या मागे उभी राहून, "अरे वाकडी जाते आहे, डोळे कुठं आहेत तुझे?" असं करत होते. तेवढ्यात शबानाचा फोन आला. शबाना म्हणजे मेहरूच्या भाच्याची बायको, मेहरूला फुप्पी म्हणणारी. एरवी फोन उचलला की तिची टकळी सुरू होते, त्या दिवशी मात्र नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "विमल आंटी... फुप्पी नाही राह्यल्या." "पहाटेची नमाज पढून खुर्चीत बसल्या होत्या, मी चहा घेऊन गेली तं..." मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सुतार हातात हातोडी घेऊन उभा होता आणि विचारत होता, "बाई, ठोकू का राहू देऊ?" मी म्हटलं, "घरी जा बाबा तू."

मेहरुन्निसा तिचं पूर्ण नाव. अकोल्याच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी गृहविज्ञान. आयुष्यभर तिनं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. उंदीर, खार, चिचुंद्री, मुंगूस ही लहानसहान जनावरं जी घरटी करतात, त्यांत त्यांच्याशिवाय आणखी कोण कोण राहतं? आपल्याला वाटतं खारीच्या घरट्यात खार राहते. मेहरू म्हणायची, खार तर फक्त घरमालकीण, भाडेकरू मोजायला बसलीस तर डोळे फिरतील तुझे. पिसवा, गोचिडांची बारीक बारीक भावंडं, भुंगेरे, पुस्तकात सापडतात तसल्या पांढऱ्या उवा, कसर, तिच्या अळ्या... आणि त्या सगळ्यांना खाणारा एक बिनशेपटीचा विंचू, मोहरीएवढा. हा विंचू म्हणे एका घरट्यातून दुसऱ्यात जायचं असलं की माशीची तंगडी पुढच्या चिमट्यात धरतो आणि फुकट जातो. हे सांगताना तिला इतका आनंद व्हायचा की जणू त्या विंचवाला तिनंच रिक्षा करून दिली आहे.

आमची ओळख झाली तीच भांडणानं. मी नवीन लागले होते. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातली मुलगी, अकोल्यात प्राध्यापक झाली म्हणून अंगात वारं भरलेलं. लोकरी कपडे कसरीपासून कसे सांभाळावेत, कडुनिंबाचा पाला कसा वाळवावा, डांबराच्या गोळ्या कुठं ठेवाव्यात, हे मी त्याच आठवड्यात मुलींना शिकवून आले होते. आणि भर स्टाफरूममध्ये, सगळे डबे उघडून बसलेले असताना, एक उंचेली, पांढऱ्या ओढणीतली बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी कसर हाय का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. गृहविज्ञानाच्या बाईला असं विचारायचं म्हणजे स्वयंपाक्याला, तुझ्या वरणात अळ्या आहेत का, असं विचारण्यापैकी झालं. मी अशी भडकले! म्हटलं, "माझ्या घरी कसर नाही, ढेकूण नाही, काही नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?" तिचा चेहरा पडला. "नाई का? मले वाटलं असन. बरं, जुनं लोकरीचं काही फेकाचं असन तं मले द्या मा. रंगीत असलं तं भल्ला बेस." काय बाई आहे, असं मनात म्हणत मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी कुतूहलानं माझं जुनं लाल स्वेटर पिशवीत घालून तिच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथं तिनं मला जे दाखवलं ते मी अजून विसरलेले नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर राखाडी, चपट्या, तांदळाच्या दाण्यासारख्या पिशव्या चिकटलेल्या असतात ना, त्यातून अळी डोकं काढून चालते, तिच्याच जातभाईंचं हे कूळ. लोकर खाणाऱ्या कसरीची अळी. ही अळी जी लोकर खाते तिच्याच धाग्यांचं अंगरखं विणते आणि ते अंगावर घेऊन हिंडते. पांढरी लोकर दिली तर पांढरं अंगरखं. मग मेहरूनं माझ्या स्वेटरचा तुकडा त्या बशीत टाकला आणि म्हणाली, "आता थांबाचं." काही दिवसांनी तिनं मला वर्गातून ओढून नेलं. पांढऱ्या अंगरख्याच्या टोकाला लाल पट्टा आला होता. माझ्या स्वेटरचा लाल! अळी वाढली की अंगरखं तोकडं पडतं, मग ती टोकाला नवीन जोड देते आणि जी लोकर समोर असेल तिचा. मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या. जिला मारायला शिकवून मी पगार घेत होते, ती माझं स्वेटर घालून बसली होती. त्या दिवसापासून मेहरुन्निसा मला 'इमल' म्हणायला लागली, जशी माझी आई म्हणायची, आणि मी तिला मेहरू.

तिची कामाची एक रीत होती. राहत्या घरट्याला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही. मालक सोडून गेला, पिल्लं मोठी होऊन पळाली, मगच ते घरटं आणायचं. आणि पांढऱ्या थाळीत ठेवून उकलण्याआधी ती हळूच सलाम करायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. म्हटलं, "कोणाले सलाम करून राह्यली? उंदीर तं केव्हाचाच गेला." ती म्हणाली, "आमच्या अम्मीनं शिकवलं हाय, रिकाम्या घरात जातानी भी सलाम करा लागते. अन् हे तं रिकामं भी नाई." हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, काही शिकवायच्या सुरात नाही. मग ते घरटं एका चाडीत ठेवायचं. चाडी म्हणजे आपलं रॉकेल ओतायचं नरसाळं. वर बल्ब लावायचा, खाली स्पिरिटची बाटली. उजेड आणि ऊब वरून यायला लागली की आतले सगळे जीव खाली खाली सरकतात आणि टपकन बाटलीत पडतात. एका उन्हाळ्यात लाइटचा असा खेळखंडोबा झाला की बल्ब पेटायचाच नाही. मेहरूनं माझ्या गच्चीवर कुरडया वाळताना पाहिल्या आणि तिच्या डोक्यात आलं, बल्ब कशाला पाहिजे, ऊन आहे ना! अकोल्याचं मे महिन्याचं ऊन, ते काय सांगायचं. पत्र्याच्या चाड्या गच्चीवर रांगेनं मांडल्या आणि आम्ही खाली बसून पन्हं पीत बसलो. दुपारी वर जाऊन पाहतो तर बाटल्या कोरड्या ठणठणीत, स्पिरिट उडून गेलेलं आणि आतली सगळी मंडळी जागच्या जागी भाजून निघालेली. खाली सरकायलाही वेळ मिळाला नव्हता बिचाऱ्यांना. मेहरू डोक्याला हात लावून म्हणाली, "बाप्पा! इमल, माह्या विंचवाच्या कुरडया झाल्या ना वं!" आम्ही आधी हसलो. मग मात्र ती रात्री जेवली नाही.

दिवाळीनंतर मी तिला आमच्या शेतावर नेत असे. तेल्हाऱ्याजवळ काळ्या जमिनीत माझ्या भावाची पऱ्हाटी, म्हणजे कापूस. वसंतभाऊ तिची खूप टिंगल करायचा. "मेहरूबाई, मी उंदराले गोळी देऊन राह्यलो, अन् तुमी त्याचं घर पाहून राह्यल्या. तुमचं अन् माहं कसं जमावं?" मेहरू म्हणायची, "भाऊ, तुमी मालकाले मारा, मले भाडेकरूशी काम हाय." पण शेतात शिरली की तो स्वतः कुदळ घेऊन तिच्याबरोबर सोडलेली बिळं खणायचा. आत खोलवर उंदरानं कापूस पिंजून केलेला गोळा असायचा, गादीवाल्याला जमणार नाही इतका मऊ. त्या गोळ्यात बोट घातलं तरी काही ना काही वळवळायचं. सुरुवातीची वर्षं अशी गेली. पुढे मात्र ते दिवस आले, ज्यांच्याबद्दल वऱ्हाडात कोणाला वेगळं सांगायला नको. कोणत्याही गावात गेलं की कोणाच्या तरी दारात माणसं बसलेली असायची आणि आपण आवाज खाली करून विचारायचं. फवारणीच्या विषाला तेव्हा सगळे औषधच म्हणत. पिकावर पडलं तरी औषध, माणसानं घेतलं तरी औषध. त्याच सुमारास एका हिवाळ्यात मेहरूनं भाऊच्या शेतातला गोळा उकलला. सलाम केला, थाळीत ठेवला, भिंगाखाली धरला. कापूस तोच, तितकाच मऊ. आत कोणीच नव्हतं. दुसरा उकलला, त्यातही नाही. तिसऱ्यात एक मेलेला भुंगेरा. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसली. भाऊ टिंगल करायला म्हणून आला होता, तिचं तोंड पाहून त्यानं कुदळ खाली ठेवली. म्हणाला, "औषध जास्त झालं असन." तिनं मान हलवली.

त्याच दिवसांत स्टाफरूममध्ये एकानं तिला ऐकवलं, "इकडं माणसं मरून राह्यली अन् बाई उंदराच्या गाद्या उसवून राह्यल्या!" मी उठलेच होते त्याला उत्तर द्यायला, मी ते दिलंही असतं चांगलं खमंग. मेहरूनं माझा पदर धरून खाली बसवलं. संध्याकाळी मोर्णेच्या पुलावरून जाताना म्हणाली, "खोटं काय बोलला तो? पण मले दुसरं काही येतच नाई, इमल. जे येते ते करते मी." आणि ती करत राहिली. त्या गप्प शेतांमध्ये दर हिवाळ्याला जात राहिली, रिकामे गोळे उकलत राहिली. कोणी छापलं नाही, कोणी बोलावलं नाही. भाऊनं मात्र धुऱ्याकडची एक पट्टी फवारायची सोडून दिली. कोणाला कारण सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "तेथलं वावर तसंही हलकं हाय." तीन-चार हिवाळे गेल्यावर त्या पट्टीतल्या गोळ्यात एक बिनशेपटीचा विंचू निघाला तेव्हा मेहरूनं माझ्या भावाला शेतातल्या शेतात शिरखुर्म्याचं आमंत्रण दिलं, ईदला अजून कितीतरी महिने होते तरी.

तिनं लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं आणि ती म्हणाली, "कोणी माह्या चाड्यांसंग राहाले तयार झालं नाई." हसत म्हणाली, पण मी पुन्हा विचारलं नाही. माझं लग्न झालं, अमरावतीला आले, इथल्या कॉलेजात लागले, मुलगा झाला, तो शिकून बंगलोरला गेला. मग आमचे हे गेले. त्यानंतर घर एवढं मोठं झालं की रेडिओ लावून ठेवला तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आवाज पोचायचा नाही. मेहरूही तोवर निवृत्त झाली होती. जुन्या शहरातल्या घरात भाचा, शबाना, त्यांची लेकरं, सगळे तिला जपायचे, पण तिच्या डब्या-बाटल्या बघून पाहुणे नाक मुरडायचे आणि ती खोलीतून बाहेर पडेनाशी झाली. मीच म्हटलं, "अमरावतीले ये. दोघी म्हाताऱ्या भांडू." ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की मला रडू आलं. त्या दिवशी मी मागची खोली उघडली, चुना दिला, खाट टाकली, तिच्या बाटल्यांसाठी फळी ठोकून घेतली. दिवाळीनंतर ती येणार होती. तिनं गादी, रजई, उशी सगळं गुंडाळून वळकटी बांधून कपाटावर ठेवलीसुद्धा.

आणि मग तिचा फोन आला. "इमल, एक गडबड झाली वं." वळकटीत खारीनं घर केलं होतं. खिडकीतून येऊन तिनं रजईतला कापूस उपसला, शबानाच्या लेकरांची लोकरीची टोपी कुरतडून नेली आणि ऐन मधोमध बाळंत झाली. मी म्हटलं, दुसरी गादी इथं आहे, ती वळकटी तिथंच राहू दे आणि तू ये. तर म्हणे, मी गेली तं ही पोट्टी त्या पिल्लांले खेळणं करतीन. मी संतापले. खरं सांगते, इतक्या वर्षांत तिच्यावर मी एवढी कधी संतापले नव्हते. "खार मोठी की मी?" असं विचारलं. ती म्हणाली, "तुले वाट पाहता येते, इमल. तिले नाई येत." यावर मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी मीच केला. मग आमचं तेच बोलणं झालं रोजचं. आज डोळे उघडले... आज एक पिल्लू कपाटावरून पडलं, मी उचलून ठेवलं, ती रागावली माह्यावर... आज सगळे भिंतीवरून पळाले. संक्रांतीच्या आसपास घरटं रिकामं झालं. मला वाटलं, सुटले एकदाची! पण ती म्हणाली, "आणखी थोडे दिवस परत येतात ते झोपाले. पुरे गेले का मंग येते. ऊन तापाच्या आत येतेच." ऊन तापायच्या आत...

मी अकोल्याला पोचले तोवर तिला नेलं होतं. बायका काही कब्रस्तानात जात नाहीत, म्हणजे लवकर पोचले असते तरी माझी वाट दारापर्यंतच होती, पण दारापर्यंत तरी जाता आलं असतं. शबानानं मला तिच्या खोलीत नेऊन बसवलं. खुर्ची, नमाजाची घडी घातलेली जानमाज, फळीवर पालथ्या घातलेल्या चाड्या. आणि कपाटावर ती वळकटी, दोरी तशीच बांधलेली, मधून कापूस बाहेर आलेला. शबाना म्हणाली, "आंटी, परवा खुर्चीवर चढून पाह्यलं त्यांनी. मले म्हणे, खार गेली वाट्टे, आता इमलले फोन करते. मंग म्हणे, उद्या करीन." मला हे ऐकायचं नव्हतं. पण ती रडत होती आणि सांगत होती, तिला तरी कोण अडवणार. निघताना तिनं वळकटी खाली काढली. "हे तुमच्याच घरी जाणार होतं. तुमीच घेऊन जा."

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, बाई, बोजा वर टाका. मी त्याला असं काही बोलले की तो मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्याकडे फिरकला नाही. मांडीवर घेऊन बसले. अंगावरची हिरवी लोकरीची शाल वळकटीवर पांघरली, कापूस उडू नये म्हणून. घरी आल्यावर मागच्या खोलीतल्या खाटेवर ती तशीच ठेवली, शालीसकट, आणि दार लोटून घेतलं. सुतार दोनदा येऊन गेला, त्याला परत पाठवलं. जाळी अजून व्हरांड्यात गुंडाळून पडली आहे. मुलगा फोनवर म्हणतो, आई, ते सामान टाकून दे, त्यात किडे असतात. त्याला काय सांगू? मेहरू असती तर म्हणाली असती, असतातच. वळकटी मी सोडलेली नाही. ते माझं काम नाही, ते तिचं काम होतं, आणि ते करणारं आता कोणी नाही. तिच्या चाड्या शबानाकडे आहेत. इथं फळी रिकामी आहे. संध्याकाळी फोनची वेळ झाली की मी उगाच स्वयंपाकघरातली भांडी पुन्हा घासते आणि तिच्याशी मोठ्यानं भांडते. म्हणते, थांबली ना मी? पाह्यली ना वाट? आता बोल. शेजारणीला वाटत असेल म्हातारीचं डोकं फिरलं. वाटू दे.

परवा गार वारं सुटलं म्हणून मला शालीची आठवण झाली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीचं दार उघडलं. आत पाऊल टाकताना तोंडातून सलाम निघाला. मी काही ठरवलं नव्हतं, तिचं इतकी वर्षं ऐकून जिभेला सवय झाली असेल. शाल उचलली तर काठाशी बोट जाईल एवढं भोक. आयुष्यभर मुलींना जे शिकवलं ते सगळं एकदम आठवलं... झटका, उन्हात टाका, कडुनिंब, डांबराच्या गोळ्या. शाल झटकायला खिडकीशी नेली आणि उजेडात ती दिसली. काठाला धरून बसलेली, तांदळाएवढी. अंगरखं खारीच्या घरट्यातल्या धाग्यांचं, मळकट पांढरं, आणि टोकाला हिरवा पट्टा, अगदी माझ्या शालीचा.

बराच वेळ मी तशीच खिडकीशी उभी होते. खूप रडले. मग शाल होती तशी वळकटीवर पांघरली, पुढच्या खोलीत गेले आणि कपाटातून माझी दुसरी शाल काढली, चांगली, लाल, यांनी आणलेली. ती नेऊन हिरवीच्या शेजारी ठेवली आणि दार लोटून घेतलं. आता रोज सकाळी जाऊन पाहते. अजून लाल पट्टा आलेला नाही.